लांडग्यांची शिकार : कोटा ११९चा, बळी २१८

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने फेब्रुवारी २०२१मध्ये लांडग्यांच्या शिकारीचा हंगाम जाहीर केला आणि तिसऱ्याच दिवशी तो गुंडाळावा लागला. तोवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जवळपास दुप्पट लांडगे मारले गेले होते. संरक्षणातून बाहेर आलेल्या प्राण्याचे व्यवस्थापन राज्यांच्या हाती सोपवावे काय, हा वाद त्या घटनेनंतर अधिकच चिघळला.

२२ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी विस्कॉन्सिनच्या बर्फाळ जंगलांत शिकारी उतरले. सात दिवसांचा हंगाम जाहीर झाला होता. राज्याच्या परवानाधारक शिकाऱ्यांनी ११९ लांडगे मारावेत, असा कोटा होता. दुसऱ्याच दिवशी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला शिकार थांबविण्याची घोषणा करावी लागली. ती पूर्णपणे अमलात येईपर्यंत २४ तारखेची दुपार उजाडली. अंतिम मोजणी झाली, तेव्हा मृत लांडग्यांची संख्या २१८ भरली. कोट्याहून ९९ लांडगे अधिक, म्हणजे तब्बल ८३ टक्के जास्त शिकार झाली होती.

भारतीय वाचकाला मुळात लांडग्याच्या शिकारीचा सरकारी हंगाम ही कल्पनाच चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार लांडगा पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र वन्यप्राण्यांचे व्यवस्थापन हा प्रामुख्याने राज्यांचा विषय आहे आणि परवाना घेऊन केलेली शिकार हे त्या व्यवस्थापनाचे मान्यताप्राप्त साधन समजले जाते. एखादी प्रजाती नष्ट होण्याच्या मार्गावर असेल, तरच केंद्र सरकार १९७३च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यान्वये तिचा ताबा घेते. प्रजाती सावरली की ती पुन्हा राज्यांकडे जाते. लांडग्याच्या बाबतीत सारा संघर्ष या हस्तांतराच्या टप्प्यावर आहे.

बक्षिसापासून संरक्षणापर्यंत

विस्कॉन्सिनमध्ये लांडगा मारणाऱ्यास सरकारी तिजोरीतून बक्षीस मिळत असे. ही प्रथा १९५७मध्ये बंद झाली, पण तोवर उशीर झाला होता. १९६०च्या सुमारास राज्यात लांडगा उरलाच नाही. शेजारच्या मिनेसोटात तो तग धरून होता. केंद्रीय संरक्षण मिळाल्यावर सत्तरच्या दशकात तेथूनच काही लांडगे सीमा ओलांडून परतले. १९८०मध्ये राज्यात त्यांची संख्या अवघी पंचवीसच्या आसपास होती. पुढच्या चाळीस वर्षांत ती हजारावर गेली. कोणीही पिंजऱ्यातून आणून न सोडता, केवळ मारणे थांबविल्याने, एक मोठा मांसभक्षक प्राणी आपल्या जुन्या प्रदेशात परत आला. वन्यजीव संरक्षणाच्या इतिहासात असे यश विरळाच.

पण लांडग्यांच्या वाढत्या संख्येबरोबर तक्रारीही वाढल्या. गुरे राखणाऱ्या शेतकऱ्यांच्या वासरांवर हल्ले होऊ लागले. अस्वलांच्या शिकारीसाठी जंगलात सोडलेली कुत्री लांडग्यांच्या टोळ्यांच्या तावडीत सापडू लागली. अशा प्रत्येक कुत्र्यामागे राज्य अडीच हजार डॉलरपर्यंत भरपाई देते. हरणांची संख्या लांडग्यांमुळे घटली, अशी शिकाऱ्यांची धारणा झाली. राज्याच्या १९९९च्या आराखड्यात ३५० लांडग्यांचे उद्दिष्ट नमूद होते. प्रत्यक्ष संख्या त्याच्या तिप्पट झाली असताना सरकार हात बांधून का बसले आहे, असा सवाल शिकारी संघटना करू लागल्या. हा सवाल अगदीच गैरवाजवी होता, असे म्हणता येणार नाही.

हंगाम घेण्याची सक्ती

या दबावातून २०१२मध्ये विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने एक कायदा केला. लांडगा केंद्राच्या संरक्षित यादीत नसेल, त्या प्रत्येक वर्षी राज्याने शिकारीचा हंगाम घेतलाच पाहिजे, असे त्यात बंधन आहे. हंगाम 'घेता येईल' असे कायदा म्हणत नाही. 'घ्यावा लागेल' असे म्हणतो. हंगामाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर असा कायद्यातच लिहिलेला आहे. कुत्र्यांच्या साहाय्याने लांडग्याचा पाठलाग करण्याची मुभाही त्यात आहे.

येथेच व्यवस्थापनाची पहिली वीट निसटली. यंदा शिकार हवी की नको, हा कोणत्याही वन्यजीव व्यवस्थापनातील सर्वांत मूलभूत निर्णय असतो. संख्या किती, प्रजननाची स्थिती काय, रोगराई आहे काय, हे पाहून तो तज्ज्ञांनी घ्यायचा असतो. विस्कॉन्सिनमध्ये तो निर्णय विधिमंडळाने कायमचा घेऊन टाकला आणि तज्ज्ञांकडे केवळ आकडा ठरविण्याचे काम उरले. २०१२ ते २०१४ या तीन वर्षांत तीन हंगाम झाले. डिसेंबर २०१४मध्ये केंद्रीय न्यायालयाने लांडग्याला पुन्हा संरक्षित यादीत घातले आणि हा कायदा निद्रिस्त झाला.

तो जागा झाला ४ जानेवारी २०२१ रोजी. ट्रम्प प्रशासनाने लांडग्याला देशाच्या बहुतांश भागांत यादीतून वगळल्याचा निर्णय त्या दिवशी लागू झाला. नैसर्गिक संसाधन विभागाने नोव्हेंबर २०२१मध्ये हंगाम घेण्याचे ठरविले होते. आधीचा आराखडा जुना झाला होता, मधल्या सहा वर्षांत शिकार झाली नव्हती, आदिवासी राष्ट्रांशी सल्लामसलत व्हायची होती. या तयारीसाठी विभागाला वेळ हवा होता. परंतु कॅन्सस राज्यातील 'हंटर नेशन' ही शिकाऱ्यांची संघटना न्यायालयात गेली. बायडेन प्रशासन संरक्षण पुन्हा लागू करील, त्याआधी शिकार झालीच पाहिजे, अशी तिची भूमिका होती. ११ फेब्रुवारीला जेफरसन परगण्यातील न्यायाधीशांनी त्याच महिन्यात हंगाम घेण्याचा आदेश दिला. चार दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, राज्याच्या नैसर्गिक संसाधन मंडळाने तातडीच्या बैठकीत २०० लांडग्यांचा कोटा मंजूर केला. आणखी सात दिवसांनी बंदुका बाहेर पडल्या. ज्या कामासाठी नऊ महिने ठरविले होते, ते अकरा दिवसांत उरकण्यात आले.

घड्याळ शिकाऱ्यांच्या बाजूने

कोटा ओलांडला गेला तो शिकाऱ्यांनी नियम मोडले म्हणून नव्हे. बहुतेकांनी नियम पाळूनच शिकार केली. नियमच असे होते, की कोटा ओलांडला जाणे जवळपास अटळ होते.

मारलेल्या लांडग्याची नोंद करण्यासाठी शिकाऱ्याला २४ तासांची मुदत होती. हंगाम बंद करायचा तर विभागाने २४ तास आधी सूचना देणे कायद्याने बंधनकारक होते. याचा अर्थ असा, की सकाळी मारलेल्या लांडग्याची खबर विभागाला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळणार आणि त्यावर घेतलेला निर्णय तिसऱ्या दिवशी सकाळी अमलात येणार. सहा-आठ आठवड्यांच्या हंगामात हा विलंब खपून जातो. पण तीन दिवसांत संपणाऱ्या शिकारीत अठ्ठेचाळीस तासांचा विलंब म्हणजे जवळपास संपूर्ण हंगाम होय.

त्यात परवान्यांची संख्या वाढविण्यात आली. पूर्वी प्रत्येक लांडग्यामागे दहा परवाने दिले जात. या वेळी मंडळाने वीस दिले, म्हणजे एकूण २,३८०. त्यासाठी सत्तावीस हजारांवर अर्ज आले. ताजा बर्फ पडलेला असल्याने माग काढणे सोपे होते. कुत्र्यांच्या टोळ्या दमल्या की नव्या दमाची कुत्री सोडता येत होती. मारल्या गेलेल्या लांडग्यांपैकी ८६ टक्के कुत्र्यांच्या साहाय्याने मारले गेल्याचे विभागाच्याच अहवालात नमूद आहे. शिवाय फेब्रुवारी हा लांडग्यांचा प्रजननाचा काळ. या दिवसांत गाभण मादी मारली गेली, तर तिच्याबरोबर त्या वर्षीची पिल्लेही जातात. मृतांत माद्यांचे प्रमाण निम्म्याच्या जवळपास होते. नोव्हेंबरची शिकार आणि फेब्रुवारीची शिकार यांतील हा फरक कोट्याच्या आकड्यात कोठेच दिसत नाही.

न मारलेल्या ८१ लांडग्यांचा प्रश्न

मंजूर झालेल्या दोनशेपैकी ८१ लांडगे ओजिब्वे आदिवासी राष्ट्रांच्या वाट्याचे होते. एकोणिसाव्या शतकात १८३७ आणि १८४२मध्ये झालेल्या करारांन्वये ओजिब्वेंनी आपली भूमी अमेरिकेला दिली, पण तेथे शिकार, मासेमारी आणि कंदमुळे गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. १९८३मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने हा हक्क मान्य केला. त्यानुसार त्या प्रदेशातील अशा संपत्तीत त्यांचा निम्म्यापर्यंत वाटा धरला जातो.

ओजिब्वे भाषेत लांडग्याला 'मा-ईंगन' म्हणतात. त्यांच्या उत्पत्तिकथेत तो आदिमानवाचा भाऊ आहे. दोघांचे भाग्य एकमेकांत गुंफलेले असून एकाच्या वाट्याला जे येते, ते दुसऱ्याच्याही वाट्याला येते, अशी त्यांची श्रद्धा आहे. स्वाभाविकच त्यांनी आपल्या वाट्याचा एकही लांडगा मारायचा नाही, असे ठरविले. आपल्या हिश्श्याचे लांडगे जिवंत ठेवणे हाही हक्क बजावण्याचाच एक प्रकार आहे, ही त्यांची भूमिका होती.

प्रत्यक्षात परवानाधारक शिकाऱ्यांनी मारलेले २१८ लांडगे हे ओजिब्वेंचा वाटा धरून झालेल्या एकूण कोट्यापेक्षाही अधिक होते. म्हणजे आदिवासींनी राखलेले लांडगे कागदावर राखले गेले आणि जंगलात मारले गेले. सल्लामसलत करण्याचे कर्तव्य राज्याने घाईत गुंडाळले, असा आरोप करीत सहा ओजिब्वे राष्ट्रांनी सप्टेंबर २०२१मध्ये केंद्रीय न्यायालयात धाव घेतली. वन्यजीवप्रेमींची तक्रार संख्येबद्दल होती, ओजिब्वेंची तक्रार दिलेल्या शब्दाबद्दल होती.

मंडळ विरुद्ध विभाग

एवढ्या नामुष्कीनंतर राज्य सावध होईल, अशी अपेक्षा होती. घडले ते उलटेच. नोव्हेंबर २०२१च्या हंगामासाठी विभागातील तज्ज्ञांनी १३० लांडग्यांचा कोटा सुचविला. मंडळाने ऑगस्टमध्ये तो धुडकावून ३००चा आकडा मंजूर केला. या मंडळाचे अध्यक्ष फ्रेड प्रेन यांची मुदत त्याच वर्षी मे महिन्यात संपली होती. पण उत्तराधिकाऱ्याच्या नावाला सिनेटची मंजुरी मिळालेली नाही, असे कारण देत त्यांनी खुर्ची सोडली नाही. पुढे २०२२मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी त्यांचा पवित्रा ग्राह्य धरला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. पण मुदत संपलेल्या अध्यक्षाच्या मंडळाने तज्ज्ञांच्या शिफारशीच्या दुपटीहून मोठा आकडा ठरविल्याने विश्वासाला गेलेला तडा बुजला नाही.

अखेर विभागाने मंडळाला न जुमानता १३० हाच कोटा जाहीर केला. एकाच राज्यात, एकाच हंगामासाठी, दोन सरकारी यंत्रणांचे दोन आकडे झाले. ऑक्टोबरमध्ये डेन परगण्याच्या न्यायालयाने हंगामालाच स्थगिती दिली. विभागाने इतक्या वर्षांत शिकारीचे कायमस्वरूपी नियमच केले नाहीत, २०१२च्या तातडीच्या नियमांवर कारभार चालविला, असा ठपका न्यायाधीशांनी ठेवला. फेब्रुवारी २०२२मध्ये कॅलिफोर्नियातील केंद्रीय न्यायाधीश जेफ्री व्हाइट यांनी उत्तर रॉकी पर्वतराजीचा अपवाद वगळता लांडग्याचे संरक्षण पुन्हा लागू केले. त्यानंतर २०२५अखेरपर्यंत विस्कॉन्सिनमध्ये लांडग्यांचा एकही हंगाम झाला नाही.

यलोस्टोनच्या वेशीवर

हा दोष एकट्या विस्कॉन्सिनचा असता, तर त्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवता आले असते. पण वर उल्लेखिलेल्या अपवादात्मक प्रदेशातही तीच कथा वेगळ्या रूपाने घडली. उत्तर रॉकीतील लांडग्याला २०११मध्ये अमेरिकी काँग्रेसने थेट अर्थसंकल्पीय विधेयकात कलम घालून यादीबाहेर काढले होते. २०२१मध्ये आयडाहोने परवान्यांवरील मर्यादा उठविली, मोटारवाहनांतून पाठलाग करण्यास मुभा दिली आणि लांडगे मारण्यासाठी खासगी कंत्राटदार नेमण्याची सोय केली. राज्यात तेव्हा सुमारे १,५०० लांडगे होते आणि केंद्रीय संरक्षण परत येऊ नये यासाठी किमान १५० राखणे आवश्यक मानले जाते. या दोन आकड्यांमधील सारे लांडगे अतिरिक्तच, असा या धोरणाचा रोख होता.

मोन्टानाने त्याच वर्षी एका व्यक्तीला वीस लांडगे मारण्याची मुभा दिली, फासे लावण्यास परवानगी दिली आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेलगतच्या दोन विभागांतील एकेका लांडग्याचा कोटा काढून टाकला. परिणाम तत्काळ दिसला. २०२१-२२च्या हिवाळ्यात उद्यानाबाहेर पडलेले २५ यलोस्टोनवासी लांडगे मारले गेले. उद्यानातील एकूण लांडग्यांच्या ते सुमारे एक पंचमांश होते. १९९५-९६मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून केंद्राने येथे केलेला प्रयोग जगभर नावाजला गेला. त्याची फळे राज्याच्या सीमारेषेवर टिपली जात होती. उद्यानाच्या प्रमुखांनी गव्हर्नरांकडे निषेध नोंदविला. पुढच्या वर्षी मोन्टानाने सीमेलगत सहा लांडग्यांची मर्यादा पुन्हा घातली, म्हणजे आधीचा निर्णय चुकल्याची अप्रत्यक्ष कबुलीच दिली.

समर्थकांची बाजू

राज्यांच्या बाजूने एक मुद्दा ठामपणे मांडला जातो : लांडगे संपले नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये शिकारीनंतरच्या हिवाळ्यात विभागाच्या अंदाजानुसार संख्या १,१२६वरून ९७२वर आली, पण त्याच्या पुढच्या वर्षी ती पुन्हा हजारावर गेली. लांडगा चिवट प्राणी आहे. वर्षभराची शिकार तो भरून काढतो. शिवाय विस्कॉन्सिनच्या जंगलालगत राहणाऱ्या पशुपालकाचे नुकसान खरे आहे. न्यूयॉर्क वा सॅन फ्रान्सिस्कोत बसून लांडग्यावर प्रेम करणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागत नाही, हेही खरे.

तथापि या युक्तिवादात दोन त्रुटी आहेत. पहिली अशी, की सरसकट शिकार आणि पशुपालकाचे नुकसान यांचा संबंध जुळत नाही. सार्वजनिक जंगलात कुत्र्यांनी गाठलेला लांडगा वासरे मारणाराच असेल असे नाही. टोळीचा म्होरक्या मारला गेला, की टोळी विस्कळीत होण्याचा धोका वाढतो, हे यलोस्टोनसह अनेक राष्ट्रीय उद्यानांतील नोंदींच्या अभ्यासातून दिसून आले आहे. दुसरी त्रुटी हिशेबाची आहे. लांडग्याचा तोटा मोजला जातो, फायदा मोजला जात नाही. विस्कॉन्सिनमधीलच अर्थतज्ज्ञांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार लांडगे असलेल्या परगण्यांत हरणे आणि मोटारींचे अपघात सुमारे २४ टक्क्यांनी घटले. हरणे रस्त्यालगतच्या पट्ट्यांपासून दूर राहू लागली. यातून होणारी बचत लांडग्यांनी केलेल्या पशुधनाच्या सिद्ध नुकसानीच्या ६३ पट भरते, असे त्यांचे गणित आहे.

या एकांगी हिशेबामागे संस्थात्मक कारण आहे. अमेरिकेतील राज्यांचे वन्यजीव विभाग बव्हंशी शिकारीच्या परवाना शुल्कावर आणि बंदुका-काडतुसांवरील केंद्रीय कराच्या वाट्यावर चालतात. या कराची व्यवस्था १९३७पासूनची आहे आणि तिच्यामुळे हरीण, टर्की यांसारख्या अनेक प्रजाती सावरल्या, हे नाकारता येणार नाही. पण जो पैसा देतो, त्याचा आवाज मोठा असतो. लांडगा पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकाला, हरीण न धडकल्यामुळे वाचलेल्या वाहनचालकाला अथवा ओजिब्वे वृद्धाला या व्यवस्थेत परवाना क्रमांक नसतो.

शिकाऱ्यांचेच नुकसान

या साऱ्या प्रकरणाचा सर्वांत मोठा विरोधाभास असा, की उतावळेपणाने राज्यांचीच बाजू कमकुवत केली. लांडगा सावरला आहे, आता तो आमच्याकडे द्या, आम्ही सांभाळू, हा राज्यांचा दावा होता. तो सिद्ध करण्याची संधी विस्कॉन्सिनला जानेवारी २०२१मध्ये मिळाली आणि दोन महिन्यांच्या आत तिने ती घालविली. आयडाहो आणि मोन्टानाच्या धोरणांमुळे उत्तर रॉकीतील लांडग्याला पुन्हा संरक्षण देण्याच्या मागणीने जोर धरला. केंद्रीय वन्यजीव सेवेने २०२४मध्ये ती नाकारली. ऑगस्ट २०२५मध्ये मोन्टानातील केंद्रीय न्यायाधीश डोनाल्ड मोलॉय यांनी तो नकार रद्द करून फेरविचारासाठी परत पाठविला. या दोन राज्यांच्या लोकसंख्येच्या अंदाजांवर सेवेने विसंबून राहणे त्यांना मान्य झाले नाही.

त्यामुळे लांडगा गेली दोन दशके यादीतून आत-बाहेर करीत आहे. संरक्षण उठते, राज्ये घाईने शिकार करतात, न्यायालय संरक्षण परत लावते आणि पुढच्या वेळी घाई आणखी वाढते. पुन्हा संधी मिळेल की नाही, या भीतीने शिकारी बंदूक उचलतो. आणि त्याच्या घाईमुळेच ती संधी हिरावली जाते. या दुष्टचक्रात प्रत्यक्ष नुकसान सोसणारा पशुपालक सर्वांत मागे राहतो. त्याला हवा असतो हल्लेखोर लांडग्याचा नेमका बंदोबस्त आणि वेळेवर भरपाई. त्याच्या पदरात पडतात ते न्यायालयीन निकाल.

विस्कॉन्सिनने ऑक्टोबर २०२३मध्ये नवा आराखडा मंजूर केला. त्यात ३५०चा जुना आकडा वगळून परिस्थितीनुसार निर्णय घेण्याची तरतूद आहे. हा बदल स्वागतार्ह आहे. पण २०१२चा सक्तीचा कायदा रद्द झाल्याशिवाय तो अपुराच ठरेल. उद्या लांडगा यादीबाहेर पडला, तर तोच कायदा त्याच घाईने हंगाम मागेल. शिकार कधी सुरू करायची हे लिहिताना ती वेळेवर कशी थांबवायची, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला नव्हता. थांबविण्याचे अधिकार नसलेल्या व्यवस्थापनाला व्यवस्थापन म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०२१च्या त्या तीन दिवसांनी एवढे तरी स्पष्ट केले आहे.